फिनन नदीवरचा पूल आणि घोड्याची आख्यायिका

जुन्या पुलाचा विषय निघाला की, पाया टिकेना म्हणून तेथे बळी द्यावा लागला, अशी एखादी गोष्ट आपल्याकडील जाणती मंडळी सांगतातच. अशा ऐकीव गोष्टींना इतिहासात काय किंमत द्यावी, हा प्रश्न गावचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येकास पडतो. स्कॉटलंडमधील एका रेल्वेपुलाच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला व त्याचा उलगडाही झाला. ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्कॉटलंडचा वायव्य किनारा डोंगराळ व खडकाळ. तेथील मासळी लवकर बाजारपेठेत पोहोचावी आणि दुर्गम भागातील लोकांची सोय व्हावी, म्हणून फोर्ट विल्यमपासून मॅलेगच्या किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग नेण्याचे ठरले. 1894 साली त्यास कायद्याने मंजुरी मिळाली व 1897 साली काम सुरू झाले. कंत्राट रॉबर्ट मॅक्अल्पाइन यांच्या कंपनीकडे होते.

त्या भागातील खडक इतका कठीण की, तो घडवून चिरे काढणे फार खर्चाचे. तेव्हा मॅक्अल्पाइन यांनी निराळा मार्ग धरला. डोंगर फोडून निघालेल्या दगडाची खडी करून तीच काँक्रीटमध्ये वापरली. त्या काळी एवढ्या मोठ्या कामाला काँक्रीट वापरणे हे धाडसच होते. पुढे लोक त्यांना ‘काँक्रीट बॉब’ म्हणू लागले.

या मार्गावर ग्लेनफिनन येथे फिनन नदीच्या खोऱ्यावरून जो पूल बांधला, तो सर्वांत मोठा. त्यास 21 कमानी असून प्रत्येक कमान 50 फुटांची आहे. लांबी सुमारे 1,250 फूट, उंची सुमारे 100 फूट. सबंध पूल धनुष्यासारखा वळलेला आहे. विशेष म्हणजे आतमध्ये लोखंडी सळई घातलेली नाही. कमानीचा भार एकमेकांवर दाबून बसतो व त्या दाबावरच पूल उभा राहतो. 1 एप्रिल 1901 रोजी मॅलेगपर्यंतची वाहतूक सुरू झाली.

आता आख्यायिकेकडे वळू. बांधकाम चालू असताना एक घोडा गाडीसकट पुलाच्या पोकळ खांबात कोसळला व तेथेच गाडला गेला, असे तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ही गोष्ट ग्लेनफिननच्या पुलाची म्हणूनच प्रसिद्ध होती. प्राध्यापक रोलंड पॅक्स्टन यांनी तिचा छडा लावण्याचे मनावर घेतले. घोडा व गाडी मावतील एवढे मोठे खांब तेथे दोनच होते. 1987 साली त्यांना भोके पाडून आत कॅमेरा सोडला. आत घोडा नव्हता!

दुसरा कोणी असता तर भाकडकथा म्हणून विषय सोडून देता. पॅक्स्टन यांनी स्थानिक लोकांकडे पुन्हा चौकशी केली. तेव्हा याच मार्गावर पश्चिमेस असलेल्या लॉख नान उआव येथील पुलाचे नाव कानी आले. त्या पुलाचा मधला मोठा खांब दगडगोट्यांनी भरलेला होता. अखेर 2001 साली यंत्राच्या साहाय्याने खांबाच्या अंतर्भागाची तपासणी केली असता, त्यात घोड्याचे व गाडीचे अवशेष आढळले. घटना खरी होती, पूल मात्र दुसरा होता.

ग्लेनफिननचा पूल आज सव्वाशे वर्षांचा असून त्यावरून गाड्या धावत आहेत. चित्रपटांमुळे तो जगभर ओळखीचा झाला आहे. कंत्राटदाराचे नाव कागदपत्रांत राहिले. राबणाऱ्या मुक्या जनावराची आठवण मात्र शंभर वर्षे केवळ लोकांच्या तोंडी जिवंत राहिली, आणि तिचे स्थळ कोणी वेळीच लिहून न ठेवल्याने शोध चुकीच्या पुलापाशी सुरू झाला.

यावरून आपणही बोध घ्यावा. आपल्या गावातही ओढ्याच्या, विहिरीच्या, घाटाच्या अशा गोष्टी वडीलधाऱ्यांच्या मुखी आहेत. त्या खोट्या म्हणून टाकू नयेत, तशाच डोळे मिटून स्वीकारूही नयेत. कोणी सांगितली, कोणत्या जागेची, कोणत्या सालची, एवढे जरी आज वहीत टिपून ठेवले, तरी पुढच्या पिढीस खरे शोधण्याची वाट सापडेल.