सीमा एक, हद्दी अनेक : संगणकीय नकाशातील धाराशिव

धाराशिव जिल्ह्याचा उमरगा तालुका कर्नाटकातील बीदर जिल्ह्याला भिडलेला आहे. तेथील सीमारेषा ही एकाच वेळी तालुक्याची, जिल्ह्याची आणि राज्याचीही हद्द आहे. कागदी नकाशावर ती एकदाच जाड शाईने ओढली की काम भागते. अनेकांनी मिळून तयार करावयाच्या संगणकीय नकाशात मात्र ती किती वेळा नोंदवायची, हा प्रश्न कळीचा ठरतो.

ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये सुरू केलेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा अशा नकाशांतील सर्वपरिचित प्रकल्प होय. त्यातील माहितीचे घटक तीन : नोड म्हणजे बिंदू, वे म्हणजे बिंदू जोडून झालेली रेषा आणि रिलेशन म्हणजे अशा घटकांचा संबंध सांगणारी नोंद. सामायिक सीमेची रेषा एकदाच काढावी आणि धाराशिव, बीदर, महाराष्ट्र व कर्नाटक या सर्वांच्या रिलेशनमध्ये तिचाच समावेश करावा, असा संकेत आहे. प्रत्येकासाठी वेगळी रेषा काढल्यास कोठे फट पडते, तर कोठे हद्दी एकमेकींवर चढतात. फटीत सापडलेले गाव संगणकाला कोणत्याच जिल्ह्यात दिसत नाही.

या प्रकल्पात रस्ते, नद्या आणि सीमा यांचे स्वतंत्र थर नसतात. सारी माहिती एकाच भांडारात असते आणि हवा तो थर वापरणाऱ्याने निवडून घ्यायचा असतो. 'लेयर' नावाची खूण आढळते, ती पूल वर आणि नदी खाली, एवढेच सांगण्यासाठी. त्यामुळे सीमा इतर रेषांना चिकटवताना सावध राहावे लागते. कळंब परिसरात मांजरा नदी धाराशिव व बीड जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. नदीची आणि हद्दीची रेषा एकच ठेवली, तर पात्राची दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून जिल्ह्याची सीमाही नकळत सरकते.

नामांतर त्या मानाने सोपे असते. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा रेषा बदलल्या नाहीत. रिलेशनमधील नाव बदलून जुने नाव वेगळ्या रकान्यात ठेवले की पुरे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तसे विभाजन आज झाल्यास मात्र नवी सामायिक रेषा काढून दोन्ही जिल्ह्यांची वर्तुळे पूर्ण करावी लागतील. वर्तुळातील एक तुकडा जरी चुकून पुसला गेला, तरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ काढता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूरमधील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबादमधील सास्तूर ही दोन जिल्ह्यांतील गावे एकाच पहाटे उद्ध्वस्त केली. अशा प्रसंगी कोणते गाव कोणत्या तहसीलकडे, हे नकाशाने अचूक सांगितले पाहिजे. हा नकाशा कायदेशीर पुरावा नव्हे. हद्दीच्या वादात महसुली अभिलेखच प्रमाण. परंतु मदतीची वाट दाखवणारी रेषा एकच आणि नेमकी असणे, हे तो घडवणाऱ्या प्रत्येकाचे दायित्व आहे.