मुंबईचा प्लेग आणि मदनपुऱ्याचे विणकर

साथीचे रोग गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाहीत, असे आपण नेहमी ऐकतो. मुंबईत १८९६ साली आलेल्या प्लेगचा इतिहास वाचला म्हणजे या विधानावरचा विश्वास उडतो. रोग एकच होता, परंतु त्याची झळ कोणाला किती लागावी हे माणूस कोणत्या खोलीत राहतो, त्याच्या पाठीशी कोणती जमात उभी आहे आणि त्याच्या दारावर कोण येऊन थाप मारतो, यावर ठरत होते. त्या काळातील एक प्रसंग आपल्या मदनपुऱ्यात घडला. त्याची नोंद बहुतेक पुस्तकांत ‘दंगल’ या एका शब्दात उरकलेली असते. तो प्रसंग समजावून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागातील एका रुग्णाला गाठीचा प्लेग झाला असल्याचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. वखारींत उंदीर आणि वखारींच्या वर व आसपास हमाल-मजुरांच्या कोंदट खोल्या. उंदीर पटापट मरून पडत होते, हे लोकांनी पाहिले होते. परंतु उंदरावरील पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. रोग घाणीतून, दमट जमिनीतून आणि गलिच्छ माणसांतून उत्पन्न होतो, अशी सरकारी डॉक्टरांची समजूत होती. त्यामुळे गटारांत औषधी पाणी सोडणे, घरे कार्बोलिकने धुणे, ऊन यावे म्हणून छपराची कौले काढणे, गोधड्या-कपडे जाळणे असे उपाय सुरू झाले. शास्त्राच्या या चुकीची किंमत कोणी दिली, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मलबार हिलवरील बंगल्यांची कौले कोणी उतरवली नाहीत.

ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपालिटीने हुकूम काढून रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा अधिकार घेतला. आर्थर रोडच्या इस्पितळात गेलेला माणूस क्वचितच परत येई. प्लेगने निम्म्याहून अधिक रोगी दगावत आणि बरेचसे तेथे पोहोचत तेच शेवटच्या घटकेला. परंतु बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना एवढेच दिसे की, आत गेलेला जिवंत आला नाही. मग अफवा उठल्या. त्याच सुमारास राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते, म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागितली आहेत, अशी एक अफवा होती. इस्पितळात माणसांची मोमियाई काढतात, अशी दुसरी. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला आणि म्युनिसिपालिटीने सक्ती तात्पुरती मागे घेतली.

सक्ती मागे घेण्याचे जे एक मोठे कारण अधिकाऱ्यांनी दिले, ते मला फार बोलके वाटते. शहरातील हलालखोर घाबरून पळून गेले तर काय करायचे, याची त्यांना धास्ती होती. मैला उचलणारे हात निघून गेले असते तर श्रीमंतांची मुंबईसुद्धा आठवड्याभरात राहण्याजोगी उरली नसती. ज्या माणसाला कोणी जवळ उभे करीत नव्हते, त्याच्या भीतीपुढे म्युनिसिपालिटीला नमते घ्यावे लागले.

१८९७च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली. कोकणात, देशावर ज्यांचे गाव होते ते गावी गेले आणि काहींनी रोगही सोबत नेला. त्याच महिन्यात साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चमध्ये जनरल गेटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी आली आणि गोऱ्या शिपायांसह घराघरांची झडती सुरू झाली. ज्यांची जमात सधन व संघटित होती, त्यांनी स्वतःची तात्पुरती इस्पितळे उघडली. खोजा, मेमन, भाटिया, पारशी, जैन यांच्या रुग्णांना आपली भाषा, आपले अन्न आणि आपल्या माणसांची सोबत मिळाली. ज्याला जमात नव्हती किंवा जिची जमात त्याच्यासारखीच कंगाल होती, त्याच्या वाट्याला सरकारी खाट आली. पुण्याकडे याच काळात सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत याच्याबरोबर हडपसरजवळच्या माळावर अशा निराधार रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निधन पावल्या.

मुंबईत दुसऱ्या बाजूला संशोधनही चालू होते. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईस आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत कामाला लागले. तीन महिन्यांत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांना ती टोचली. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला व दोघेही वाचले. पुढील वर्षी बडोद्याजवळच्या उंधेरा गावी त्यांनी प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. लस दिलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडून ३ मेले. न दिलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि २६ मेले.

हे आकडे लसीच्या बाजूने निःसंशय आहेत. तरीही ते वाचताना मन थबकते. एकाच घरातील एका भावाला सुई मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. पुरावा मिळवण्याचा तोच मार्ग होता, हे खरे. परंतु ज्ञान सर्वांचे झाले आणि जोखीम मात्र कैद्यांनी व खेडुतांनी उचलली, हेही तितकेच खरे.

पुरावा हातात असूनही लस लोकांनी आपणहून घ्यावी असे होईना. खोजा जमातीत मात्र चित्र वेगळे होते. सर सुलतान महंमद शाह आगाखान त्या वेळी वीस वर्षांच्या आतबाहेरचे होते. त्यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी माझगावचा आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला आणि खोजे हजारोंनी लस घेण्यास पुढे आले. येथे कोणाला शिपाई पाठवावा लागला नाही.

भायखळ्याचे कॉलेज, तेथील तुरुंग, माझगावचा हा बंगला आणि मदनपुरा ही सारी ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर, म्हणजे जुलाहे, राहत. खोली म्हणजेच त्यांचा कारखाना, कारण माग तेथेच असे. घरातील एक माणूस इस्पितळात आणि बाकीचे छावणीत गेले की माग थांबला, आणि माग थांबला की चूल थांबली. गाव इतके दूर की पळून जाणेही सोपे नव्हते. त्यांच्यासाठी बंगला देणारा कोणी नव्हता. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगच्या झडती पथकाने अशाच एका घरातील आजारी मुलीला तपासणीसाठी ताब्यात घेऊ पाहिले. परक्या पुरुषांनी घरात शिरून मुलीला हात लावावा, हे घरच्यांना सोसण्यासारखे नव्हते. त्यांनी विरोध केला, मोहल्ला जमा झाला, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि आग आसपासच्या भागांत पसरली. दोन्ही बाजूंची माणसे मेली. त्यात गोरे शिपाईही होते. पाठोपाठ गोदीतील कामगार आणि गाडीवान यांनी काम थांबवले.

या लोकांना ‘अडाणी व धर्मांध’ ठरवून लेखणी खाली ठेवणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. सुईलाच त्यांचा विरोध होता, असे म्हणण्यास आधार नाही. मुलगी ओढून नेणारा आणि लस देणारा एकाच सरकारचा माणूस होता, त्यामुळे दोघांत फरक करण्यास त्यांना वाव नव्हता. मृतांवर हिंसेची जबाबदारी ढकलून झडतीची पद्धत निर्दोष ठरत नाही, आणि झडतीच्या जुलमामुळे हिंसाही क्षम्य ठरत नाही. सरकारने मात्र धडा घेतला. त्यानंतर सक्ती हळूहळू सैल झाली आणि मोहल्ल्यातील प्रतिष्ठितांना, हकिमांना बरोबर घेण्याचे धोरण आले.

ऑगस्ट १८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल येथे एका बाटलीतील लसीमुळे १९ जण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिन यांच्यावर आला व १९०७मध्ये दूर झाला. संस्थेला त्यांचे नाव १९२५ साली मिळाले. १९०५नंतर परळ येथेच प्लेग संशोधन आयोगाने उंदीर व पिसू यांचा संबंध प्रयोगांनी पक्का केला. गरिबांची घाण हे कारण नव्हते, त्यांच्या शेजारची धान्याची वखार होती, हे तेव्हा ठरले. तोवर कौले उतरून दहा वर्षे झाली होती.

प्लेगमुळेच १८९८ साली शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. अंधाऱ्या, कोंदट वस्त्या पाडून तेथे रुंद रस्ते व हवेशीर घरे बांधावयाची, हा त्याचा हेतू. पहिली योजना नागपाड्याची, म्हणजे मदनपुऱ्याला लागून असलेल्या वस्तीची होती. पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, त्याहून कमी बांधल्या. नव्या खोल्यांचे भाडे ज्यांना परवडले नाही, ती कुटुंबे कामाच्या जागेपासून दूर जाऊ शकत नव्हती. ती जवळच्याच गल्ल्यांत, आधीच भरलेल्या चाळींत जाऊन राहिली.