सुईण, इस्पितळ आणि खेडे : प्रसूतिसेवेच्या इतिहासातील एक प्रश्न

हिंदुस्थानातील प्रसूतिसेवेचा इतिहास बहुधा संस्थांच्या स्थापनेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य पुरविणारा फंड उभा राहिला. १८८६ साली मुंबईत कामा इस्पितळ सुरू झाले, आणि त्याच वर्षी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी संपादन केली. या घटनांचे महत्त्व वादातीत आहे. तथापि त्यांचा लाभ खेड्यातील बाळंतिणीपर्यंत कितपत पोहोचला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रयत्नांच्या मुळाशी एक गृहीत होते. पडद्यामुळे स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत, सबब स्त्री-डॉक्टर मिळाल्या की अडचण दूर होईल, असे ते गृहीत होय. शहरातील प्रतिष्ठित कुटुंबांपुरते ते बव्हंशी खरे होते. म्हणूनच नवी इस्पितळे शहरांत व संस्थानांच्या राजधान्यांत निघाली. आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापुरास झाली होती. परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. डॉ. रखमाबाईंनी १८९५ पासून सुरतेस व पुढे राजकोटला दीर्घकाळ सेवा केली. खेड्यातील अडचण मात्र निराळी होती. तेथे अंतर, पावसाळ्यातील वाटा आणि पैसा हेच मुख्य अडसर होते.

खेड्यात बाळंतपण सुईणीच्याच हाती होते. तिला शिक्षण देण्यासाठी लेडी कर्झन यांनी १९०३ साली व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती फंड काढला. तत्कालीन सुधारकांच्या लेखनात सुईण ही बहुतेक अनर्थांचे मूळ म्हणून रंगविलेली आढळते. हा आरोप सर्वथा निराधार नव्हता. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यास अर्भकास धनुर्वात होतो, हे शास्त्रसिद्धच आहे. परंतु सोयराच्या कल्पनेमुळे हे काम हलके ठरवून बहुधा खालच्या मानलेल्या जातींतील स्त्रियांवर ज्या समाजाने सोपविले, त्याची जबाबदारी त्या लेखनात पुसट होते. शिवाय सुईण कितीही स्वच्छ व कुशल असली, तरी अडलेल्या प्रसूतीत शस्त्रक्रिया करणे अथवा अतिरक्तस्रावात रक्त देणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. तिच्या पाठीशी दुसरी व्यवस्था नव्हती, हा खरा दोष होय.

भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने हा दोष आकड्यांत मांडला. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात, असा तिचा अंदाज होता. उपाय म्हणून समितीने गाव, तालुका व जिल्हा अशा परस्परांशी जोडलेल्या आरोग्यकेंद्रांची योजना सुचविली. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्यकेंद्रे निघू लागली. पण समितीने अपेक्षिलेले मनुष्यबळ त्यांना लाभले नाही.

या पार्श्वभूमीवर डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे आरंभिलेला प्रयोग विचारार्ह ठरतो. त्यांनी गावातीलच, पुष्कळदा निरक्षर व दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि त्यांना इस्पितळाचा आधार दिला. सुईणीला जे नाकारले गेले होते, ते येथे मिळाले.

१९९४ साली थॅडियस व मेन या अभ्यासकांनी मातामृत्यूमागील तीन विलंब दाखविले : निर्णयाचा, पोहोचण्याचा आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने प्रामुख्याने पहिल्या दोहोंवर उपाय योजला. देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्क्यांवर गेले. मातामृत्यूचे प्रमाणही २००४-०६ मधील लाखामागे २५४ वरून २०१८-२० मध्ये ९७ वर आले. तिसरा विलंब मात्र केवळ प्रसूतीचे ठिकाण बदलल्याने टळत नाही.

तात्पर्य, इस्पितळांच्या संख्येवरून सेवेची प्राप्ती मोजणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. लोकल बोर्डांची दप्तरे आणि दवाखान्यांचे अहवाल या दृष्टीने पुन्हा वाचले जावेत. कोणती स्त्री दारापर्यंत पोहोचली, यापेक्षा कोणती पोहोचू शकली नाही, याचा शोध त्यांत घेणे अगत्याचे आहे.