आजीच्या दंडावरची देवी

नवरात्रात लेकीला घेऊन अंबडला मत्स्योदरीच्या दर्शनाला गेलो होतो. तीर्थपुरीला परत येताना गाडीवर मागं बसलेल्या पोरीनं विचारलं, "बाबा, देवी राक्षसाला मारते ना? मग आजी देवीला भिते कशाला?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर आईच्या दंडाकडं लक्ष गेलं अन् उत्तर तिथंच सापडलं. तिच्या दंडावर दोन गोल वण आहेत, देवी काढल्याचे. आज पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या दंडावर ते दिसतील.

मित्रांनो, विचार करा. ज्या रोगानं हजारो लेकरं नेली, डोळे घालवले, त्याला आपल्या लोकांनी राक्षस म्हटलं नाही. देवी म्हटलं. "पोराला देवी आल्यात" असं आदरानं बोलायचं. घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा. पटकीची साथ आली की मरीआई. तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. मारणारी तीच अन् तारणारीही तीच, म्हणून भीती अन् भक्ती एकाच ठिकाणी.

हे फक्त आपलंच आहे असं समजू नका. प्राचीन इजिप्तमध्ये सेखमेत नावाची देवी होती. तोंड सिंहिणीचं, अंग बाईचं. नावाचा अर्थच 'शक्तिशाली'. साथीचे रोग ती धाडते असं लोक मानायचे. अन् गंमत बघा, तिचे पुजारी वैद्यकीही करायचे! इ.स.पू. चौदाव्या शतकात तिसऱ्या आमेनहोतेप राजानं तिच्या शेकडो दगडी मूर्ती घडवून घेतल्या. त्यांच्या एका कथेत सूर्यदेव रा माणसांवर चिडून देवीला संहाराला पाठवतो. ती काही केल्या थांबेना, तेव्हा लाल रंगवलेली बिअर शेतात ओततात. रक्त समजून ती पिते, झिंगते अन् माणसं वाचतात. तिला कुणी हरवत नाही, शांत करतात.

तिकडच्या राक्षसांचंही असंच. आपण 'राक्षस' म्हणतो तसा सगळ्यांना लागू पडेल असा एक शब्द प्राचीन इजिप्शियन भाषेत नव्हताच. सुरे घेतलेले भयंकर जीव होते, पण त्यातले पुष्कळसे देवांचेच दूत किंवा दारांचे राखणदार. बेस नावाचा जीभ बाहेर काढलेला, भेसूर तोंडाचा बुटका तर बाळंतिणीचं अन् तान्ह्या लेकराचं रक्षण करायचा. ज्याची भीती वाटते तोच राखणीला!

आपला शेतातला शेंदूर फासलेला म्हसोबा आठवा. दामोदर कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात म्हसोबाचं नातं महिषासुराशी जोडून दाखवलंय. म्हणजे पुराणात देवीच्या पायाखाली असलेला असुर बांधावर देव होऊन बसलाय. कुणाला राक्षस म्हणायचं अन् कुणाला देव, हे सांगणारा कोण आहे यावर ठरतं.

आपली देवी इजिप्तहून आली किंवा त्यांची इथून गेली, असलं काही मी म्हणत नाही. तसे मेसेज ढिगानं फिरतात. साथीपुढं हतबल झालेली माणसं कुठंही सारखाच विचार करतात, एवढंच माझं म्हणणं. इ.स.पू. ११४५ च्या सुमारास वारलेल्या पाचव्या रामसेस राजाच्या ममीच्या चेहऱ्यावर फोडांचे वण आहेत. ते देवीचेच असावेत असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

मग हा रोग गेला कसा? १७९६ मध्ये जेन्नरनं इंग्लंडात लस शोधली. १४ जून १८०२ ला मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला ती टोचली, भारतातली पहिली. पुढं भारतातले शेवटचे रुग्ण १९७५ मध्ये सापडले अन् १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. पण आपल्या लोकांनी लशीलाही काय नाव दिलं? 'देवी काढणं.' टोचणारा तो देवी डॉक्टर. माझ्या आईनं दंड पुढं केला अन् मरीआईला नारळही फोडला. तिला त्यात भांडण दिसलं नाही.

खरं भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. रोगाचं खापर देवीवर फुटायचं तेव्हा निदान माणूस वाचायचा. ते शेजारच्या एकट्या म्हातारीवर फुटलं की ती 'भुताळी' ठरते, तिची वाट टाळली जाते, तिला मारहाणही होते. म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्यामुळं रोगराई पसरते असं भासवून त्याचं जगणं मुश्कील करणं, त्याला सैतान ठरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. हा कायदा मागणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला. आपल्याला शहाणपण केवढ्या किमतीला पडतं बघा.

लेकीला मी शेवटी एवढंच सांगितलं, "आजी देवीला भिते, कारण तिनं देवीचा रोग बघितलाय. तू भिऊ नको. पण कुणी जित्या माणसाला राक्षस म्हणायला लागलं, तर मात्र गप बसू नको."

तुमच्या घरात कुणाच्या दंडावर देवीच्या खुणा असतील तर आज त्यांच्याजवळ बसा अन् विचारा. पुढची पिढी हे ऐकणार नाही, कारण सांगणारं कुणी उरणार नाही.