घर कुणाचे?

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, मकबरे आणि महाल आठवतात. ज्यांनी ते दगड वाहिले त्यांची घरे कशी होती, हे आपण क्वचितच विचारतो. इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये मात्र कामगारांची घरेच इतिहास होऊन बसली आहेत. त्या गावाचे नाव सॉल्टेअर.

टायटस सॉल्ट हा ब्रॅडफर्डचा गिरणीमालक. अल्पाका लोकरीच्या कापडावर त्याने अमाप पैसा मिळवला. धुराने काळवंडलेल्या ब्रॅडफर्डमध्ये १८४९ साली कॉलऱ्याने थैमान घातले. शहराबाहेर, एअर नदीकाठी सॉल्टने नवी गिरणी उभारली. ती १८५३ मध्ये सुरू झाली. पुढे तिच्याभोवती आठशेंवर घरे बांधली गेली. रस्त्यांना त्याच्या पत्नीचे आणि मुलांचे नाव मिळाले. लॉकवुड आणि मॉसन या वास्तुविशारदांच्या नावाच्याही गल्ल्या आहेत.

भिंतीला भिंत लावून ओळीने बांधलेली ही घरे पाहून आपल्याला चाळ आठवेल. पण इथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र दार, खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, मागे छोटे अंगण आणि त्यात स्वतःचा संडास. भिंती वालुकाश्माच्या, छपरे स्लेटची, कमानी इटालियन धाटणीच्या. त्या काळच्या कामगाराला हे मोठेच सुख होते.

तरीही या भिंती नीट वाचल्या पाहिजेत. मुकादमाचे घर मोठे, वरच्या अधिकाऱ्याच्या दारापुढे बाग, साध्या कामगाराचे दार मात्र थेट रस्त्यावर. हुद्दा दगडातच कोरलेला! गावात दारूचा गुत्ता नव्हता, हे आम्हाला रुचणारच. पण तो निर्णय कामगारांचा नव्हता, मालकाचा होता. मजुरी देणारा आणि भाडे घेणारा एकच असेल, तर माणूस मान वर करून बोलणार कसा? ही घरे मालकीच्या कंपनीकडून १९३३ मध्ये विकली गेली. गिरणी १९८६ मध्ये बंद पडली आणि २००१ मध्ये गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

तिथून काही मैलांवर, ब्रॅडफर्ड शहरात, याच धर्तीच्या ओळीच्या घरांची आणखी एक कहाणी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मीरपूर, अटक या भागांतून आलेले मुसलमान कामगार तिथल्या लोकरगिरण्यांत रात्रपाळी करू लागले. जुन्या घरांत ते दाटीवाटीने राहिले. १९५९ मध्ये हॉवर्ड स्ट्रीटवरच्या अशाच एका घरात शहरातली पहिली मशीद सुरू झाली. ते घर कोणा सॉल्टने त्यांच्यासाठी आखले नव्हते.

सॉल्टच्या उदारतेला आम्ही नाकारत नाही. पण कामगाराला दिलेले घर आणि कामगाराने आपलेसे केलेले घर यांत अंतर असते. वारसा यादीत पहिले गेले. दुसऱ्याची नोंद आपल्यालाच ठेवायची आहे.