दौलताबादची दुबार द्राक्षे

वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे! मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने चौदाव्या शतकात दौलताबादविषयी असे लिहून ठेवले आहे. डाळिंबेही तशीच दुबार. ही प्रवाशाची अतिशयोक्ती नव्हती.

१३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीस हलवली. दिल्लीकर तेथे आले ते बहुतेक सक्तीने. इब्न बतूता मात्र १३४२ मध्ये निघालेल्या चीनच्या शिष्टमंडळाबरोबर, सुलतानाचा दूत या नात्याने, या वाटेने गेला. नगराच्या फळांची स्तुती त्यानेच करावी, हेही साहजिकच.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. दख्खनच्या उबेत तिला झोपच लागत नाही. छाटली की फुटते, फुटली की घड धरू पाहते. उन्हाळ्यातील फुटीचे घड पावसाळ्यात तयार होतात व आंबट निघतात. दसऱ्याच्या सुमारास छाटलेल्या वेलीचे घड फाल्गुनाच्या आसपास गोड होतात. म्हणूनच ऑक्टोबरच्या छाटणीला 'गोड्या बहराची' छाटणी म्हणतात. जुने बागाईतदार वेल पांगाऱ्याच्या खांबावर चढवीत. तारांचे मांडव पुष्कळ नंतरचे.

मग आज एकच पीक का? पावसाळी घडाचा आंबटपणा हे एक कारण. दुसरे अधिक रंजक आहे. ओल्या हवेत वेलीचा घात करणारा केवडा आणि कोरड्या-दमट हवेत पसरणारी भुरी, हे दोन्ही रोग मूळचे अमेरिकेतले. भुरी १८४५ मध्ये इंग्लंडात दिसली, केवडा १८७८ मध्ये फ्रान्समध्ये. १८८५ च्या सुमारास बोर्डो मिश्रणाचा उपाय सापडला. इब्न बतूताच्या काळी दौलताबादच्या मळ्यांना या दोघांची ओळखच नव्हती.

आजच्या पद्धतीत एप्रिलची खरड छाटणी फळासाठी नसतेच. काडी एक-दोन डोळ्यांवर आणतात. नव्या काडीत उन्हाळ्याच्या प्रकाशात डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड घडतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीने तो बाहेर येतो. एक पीक सोडून देऊन दुसरे गोड करणे, ही शेतकऱ्याची युक्ती.

दौलताबादच्या पूर्वेस सुमारे दोनशे किलोमीटरवर, हिंगोली-वाशीम सीमेवर कनेरगाव नाका आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर हिंगोलीची बाजू निजामाकडे राहिली. त्याच निजामी राज्याची राजधानी हैदराबाद. तेथे 'अनाब-ए-शाही' हा वाण अब्दुल बाकर खान यांनी आणला, असे फलोत्पादनाचे ग्रंथ सांगतात. पुढे तो वाण दक्षिणेत दूरवर पसरला. सांगलीच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून 'तास-ए-गणेश' निवडला, तो बऱ्याच नंतर.

आज कनेरगावच्या एखाद्या परसात कलम लावले, तरी वेल वागेल ती इब्न बतूताने पाहिल्याप्रमाणेच. न छाटता सोडली, तर मांडवभर पाने आणि श्रावणात मूठभर आंबट मणी. कात्री एप्रिलमध्ये हाती घ्यावी लागते, तेव्हा वेल हिरवीगार असते आणि छाटवत नाही.