कॅनडात स्थायिक होताना प्रांत, शहर आणि घर कसे निवडावे?

1913 च्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते आधी उतरले, पण तिथले जेवण मानवले नाही. म्हणून ते लवकरच कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले. तिथे काही भारतीय विद्यार्थी होते. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांनी मुक्काम केला आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली. चार वर्षांनी हेच बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा जात लपवून पारशी धर्मशाळेत राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथूनही बाहेर काढले. ओळखीच्या हिंदू आणि ख्रिश्चन मित्रांनीही आसरा दिला नाही.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना एक जागा सोडून दुसरी घेता आली, बडोद्यात दुसरी जागाच नव्हती. परदेशात स्थायिक होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा फरक नीट समजून घ्यायला हवा. आपण जिथे राहतो तिथून उठून जाण्याची सोय असेल, तरच आपण मान ताठ ठेवू शकतो. आज अनेक बौद्ध तरुण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कॅनडाचा विचार करत आहेत. त्यामुळे कॅनडाचे उदाहरण घेऊन, कुठे राहायचे हे कसे ठरवावे ते पाहूया.

आधी प्रांत ठरवा

कॅनडात 10 प्रांत आणि 3 प्रदेश आहेत. देशात कोणाला येऊ द्यायचे हे प्रामुख्याने केंद्र सरकार ठरवते. आरोग्य, शिक्षण, व्यवसायाचे परवाने आणि घरभाड्याचे कायदे मात्र प्रांतांच्या हातात आहेत. म्हणून ‘कॅनडात नियम काय आहे?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर नसते. कोणत्या प्रांतात, हे आधी सांगावे लागते.

कायम वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा, मुख्य मार्ग एक्सप्रेस एन्ट्री हा आहे. ही पद्धत 2015 मध्ये सुरू झाली. त्यासोबत प्रांतिक नामांकनाची योजना आहे. क्वेबेक आणि नुनावुत सोडून बाकीचे प्रांत व प्रदेश आपल्याला हवे ते कुशल लोक या योजनेतून निवडतात. नामांकन मिळाले तर एक्सप्रेस एन्ट्रीत 600 जादा गुण मिळतात आणि एवढे गुण बहुधा निर्णायक ठरतात. अनेक प्रांत तिथेच शिकलेल्या किंवा काम केलेल्या उमेदवारांना प्राधान्य देतात. म्हणजे विद्यार्थी म्हणून निवडलेला प्रांतच पुढे तुमच्या पीआरचा प्रांत होण्याची शक्यता मोठी असते. मात्र 2025 साठी सरकारने या योजनेचे लक्ष्य आदल्या वर्षीच्या 1,10,000 वरून 55,000 वर आणले. तेव्हा नामांकन नक्की मिळेल असे सांगणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवू नका. नियम वारंवार बदलतात. अर्ज करण्याआधी सरकारी संकेतस्थळावरचा ताजा नियम स्वतः वाचा.

नामांकन घेताना त्या प्रांतात राहण्याचा खरा इरादा असावा लागतो. पीआर मिळाल्यावर देशात कुठेही राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क 1982 च्या हक्कांच्या सनदेतील कलम 6 देते. पण अर्जात खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. ज्या प्रांतात राहायचेच नाही, त्याचे नामांकन मागू नका.

क्वेबेकची निवडपद्धत वेगळी आहे आणि तिथे फ्रेंचला पर्याय नाही. 2022 च्या भाषा कायद्यानुसार नव्याने आलेल्यांशी सरकारी व्यवहार सहा महिन्यांनंतर, काही अपवाद सोडता, फ्रेंचमध्येच होतो. स्थायिक झालेल्यांच्या मुलांना सरकारी शाळेत साधारणपणे फ्रेंच माध्यमातच शिकावे लागते. फ्रेंच शिकण्याची तयारी असेल तर मॉन्ट्रियल चांगले शहर आहे, तयारी नसेल तर तिकडे न गेलेले बरे.

पदवी आहे, पण परवाना आहे का?

परिचारिका, डॉक्टर, शिक्षक, इलेक्ट्रिशियन यांना काम करण्यासाठी प्रांताचा परवाना लागतो. ‘अभियंता’ ही उपाधी लावून काम करायचे तर तिथेही परवाना हवा. भारतातली पदवी आपोआप चालत नाही. नागपूर किंवा संभाजीनगरहून निघण्याआधीच आपल्या व्यवसायाच्या प्रांतिक संस्थेचे नियम वाचा. कोणती परीक्षा, किती खर्च, किती महिने, हे कागदावर मांडा. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रके मागवायला वेळ लागतो, ते काम इथे असतानाच सुरू करा. वेल्डर, प्लंबर अशा कुशल कारागिरांसाठी ‘रेड सील’ हे प्रमाणपत्र देशभर मान्य आहे.

कामाचे स्वरूपही जागेनुसार बदलते. बँकिंग आणि आयटी टोरंटोच्या परिसरात जास्त, तेल आणि वायू उद्योग अल्बर्टात, विमानउद्योग मॉन्ट्रियलमध्ये. अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांसाठी नोकरीशी जोडलेली स्वतंत्र इमिग्रेशन योजना आहे. ती 2022 पासून कायम झाली. शहराचे नाव किती मोठे आहे यापेक्षा आपल्या कामाला तिथे मागणी किती आहे हे पाहा.

भाडे, कर, दवाखाना, थंडी

व्हँकुव्हर आणि टोरंटो ही देशातली सर्वांत महागडी शहरे आहेत. पगाराचा आकडा पाहून हुरळून जाण्याआधी त्यातून भाडे वजा करा. विक्रीकरही प्रांतागणिक वेगळा आहे: अल्बर्टात फक्त केंद्राचा 5 टक्के, ऑन्टारियोत एकूण 13 टक्के, ब्रिटिश कोलंबियात बहुतेक वस्तूंवर एकूण 12 टक्के.

सरकारी आरोग्य विम्याचे नियमही तपासा. ब्रिटिश कोलंबियात पोहोचलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावे लागते. त्या काळासाठी खासगी विमा घ्या. तेवढ्या काळात हात मोडला तरी वर्षभराची बचत जाऊ शकते.

विनिपेगमध्ये जानेवारीत रात्रीचे सरासरी तापमान उणे 20 अंशांच्या आसपास असते, तर व्हँकुव्हरमध्ये हिवाळा पावसाळी असून तापमान बहुधा शून्याच्या वर राहते. टोरंटो ते व्हँकुव्हर रस्त्याने सुमारे 4,400 किलोमीटर आहे. ‘कॅनडात माझा मावसभाऊ आहे’ एवढ्याने आधार मिळत नाही. तो कोणत्या शहरात आहे हे विचारा.

आपल्या माणसांचे घर आणि कायद्यातली फट

बहुतेकांचा पहिला मुक्काम ओळखीतून ठरतो. ब्रॅम्प्टन किंवा सरीसारख्या शहरांत भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथे डाळ, मसाले, राहायला खोली आणि पहिले कामही लवकर मिळते. पण जातही तिथे पोहोचलेली आहे. ‘आडनाव काय?’, ‘कुठल्या गावचे?’, ‘घरी कोणता देव?’ हे प्रश्न स्वयंपाकघरात सुरू होतात आणि पुढे भांडी वेगळी होतात किंवा खोली सोडायला सांगितले जाते.

हे टाळण्यासाठी कायदा काय देतो? ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाने ऑक्टोबर 2023 मध्ये स्पष्ट केले की जातिभेद हा प्रांताच्या मानवाधिकार संहितेनुसार निषिद्ध आहे. ब्रिटिश कोलंबियात त्याच वर्षी मानवाधिकार न्यायाधिकरणाने एका टॅक्सीचालकाच्या बाजूने निकाल दिला. मेजवानीत झालेल्या भांडणात त्याला जातिवाचक शिवी दिली गेली होती. कायद्यात ‘जात’ हा शब्द नसतानाही वंश, पूर्वज, धर्म या आधारांखाली त्याला भरपाई मिळाली. बर्नाबी शहराच्या परिषदेनेही 2023 मध्ये जात हा संरक्षित वर्ग मानण्याचा ठराव केला. दोन्ही प्रांतांत तक्रारीची मुदत साधारण एक वर्ष आहे, त्यामुळे संदेश, तारखा आणि साक्षीदार लिहून ठेवा.

पण एक फट आहे आणि ती नेमकी आपल्याला अडचणीची ठरते. घरमालक किंवा त्याचे कुटुंब त्याच घरात राहत असेल आणि स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामाईक असेल, तर राहण्याच्या जागेबाबत मानवाधिकार कायद्याचे संरक्षण या दोन्ही प्रांतांत लागू होत नाही. भाडेकरूंचा नेहमीचा कायदाही अशा घराला लागत नाही. म्हणजे ओळखीच्या कुटुंबातली स्वस्त खोली घेतली, तर जात विचारली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त आणि कायद्याचा आधार सर्वांत कमी. भले लोकही भेटतात, नक्की भेटतात. तरीही अशी खोली काही आठवड्यांपुरतीच घ्या आणि दुसऱ्या जागेचे पैसे वेगळे ठेवा.

स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि लेखी करार असलेली छोटी जागा थोडी महाग पडली तरी परवडते. ऑन्टारियोत ठरावीक सरकारी नमुन्यातला करार मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिथे मालक आगाऊ जास्तीत जास्त शेवटच्या महिन्याचे भाडे घेऊ शकतो, वेगळी अनामत नाही. ब्रिटिश कोलंबियात अनामत अर्ध्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. जागा न पाहता भारतातून पैसे पाठवू नका.

चळवळ आणि विहार

एकटे पडणे हेही संकटच आहे. 2021 च्या जनगणनेनुसार कॅनडात बौद्ध सुमारे 1 टक्का आहेत. त्यात चिनी, व्हिएतनामी, श्रीलंकन, तिबेटी असे अनेक समाज येतात. टोरंटोच्या स्कारबरो भागात श्रीलंकन थेरवादी विहार आहे, तर पार्कडेलमध्ये तिबेटी वस्ती. पाली वंदना ऐकू आली की भाषा वेगळी असली तरी परकेपणा कमी होतो.

आंबेडकरी समाजाची जुनी मुळे ब्रिटिश कोलंबियात आहेत आणि ती प्रामुख्याने पंजाबी बांधवांनी रुजवली. बर्नाबीत गुरू रविदास सभेचा गुरुद्वारा आहे, सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. 2021 मध्ये त्या प्रांताने 14 एप्रिल हा आंबेडकर समता दिन म्हणून जाहीर केला. मराठी बोलणारे कमी भेटतील, पण ‘जय भीम’ म्हटल्यावर उत्तर देणारे भेटतील. आपली माणसे म्हणजे फक्त आपल्या जिल्ह्याची माणसे नव्हेत.

मात्र संघटना जवळ आहे म्हणून परवाना न मिळणारा प्रांत निवडू नका. आधी पोट आणि कागदपत्रे, मग रविवारची बैठक. दोन तासांच्या अंतरावरची बैठक गाठता येते. दोन वर्षे वाया गेली तर ती परत येत नाहीत.

निघण्याआधी हे तपासा

1. माझ्या व्यवसायाचा परवाना कोणत्या प्रांतात, किती काळात मिळेल?
2. पीआरसाठी त्या प्रांताचा सध्याचा नियम काय आहे आणि नामांकन मिळालेच नाही तर माझा दुसरा मार्ग कोणता?
3. भाडे, प्रवास आणि कर्जाचा हप्ता वजा करून हातात काय उरते? घरची शेती किंवा घर तारण असेल तर हा हिशेब आईवडिलांसमोर मांडा.
4. आरोग्य विमा कोणत्या तारखेपासून सुरू होईल?
5. पहिल्या जागेतून बाहेर पडावे लागले तर दोन महिन्यांचे भाडे माझ्याकडे आहे का?
6. त्या शहरात एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान दोन व्यक्ती मी ओळखतो का?

यातला पाचवा आणि सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याच्याकडे राहतो त्याच्याकडेच काम आणि त्याच्याच ओळखीवर पुढची वाट, असे झाले की अपमान गिळावा लागतो. घर एकाकडे, काम दुसरीकडे आणि मैत्री तिसरीकडे असेल तर ‘नाही’ म्हणता येते. तिथे गेल्यावर 211 या क्रमांकावर स्थानिक मदतसेवांची माहिती मोफत मिळते, तर पीआर मिळालेल्यांना केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या संस्था भाषा आणि नोकरीसाठी विनामूल्य साहाय्य करतात. त्यांचा उपयोग करून घेण्यात कमीपणा नाही.

पहिले घर चुकले तर बदला. बाबासाहेबांनीही बदलले होते. प्रांत मात्र विचार करून निवडा, कारण तो बदलायला वर्षे लागतात.

जय भीम!